नाबोथाचा मळा आणि सर्व्हे नंबर: गोव्यात चर्चनी मिळून सरकारदरबारी म्हणणं कसं मांडावं

रविवारी उपासना संपली की आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायऱ्यांवर चहा होतो. तिथे गेल्या वर्षभरात चार-पाच तरुणांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, शेजारच्या इगर्जीतले लोक जमिनीच्या प्रश्नावर सह्या गोळा करताहेत. आपण जायचं का? आणि जायचं तर कुणाला विचारून?" नव्याने या कामात येऊ पाहणाऱ्या त्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मी मराठी प्रॉटेस्टंट, मूळ घर नगरकडचं. वडील नोकरीसाठी गोव्यात आले आणि आम्ही इथलेच झालो. वेगवेगळ्या चर्चच्या लोकांबरोबर बसून निवेदनं लिहिणं, ग्रामसभेत उभं राहणं, हरकती नोंदवणं हे मी बरीच वर्षं करते आहे.

आधी एकमेकांचे शब्द शिका

आपण मराठी ख्रिस्ती लोक 'देऊळ', 'पाळक', 'मंडळी', 'प्रभूभोजन' म्हणतो. गोव्यातले कॅथलिक 'इगर्ज', 'पाद्र', 'फिरगज', 'मीस' म्हणतात. केरळी ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंना 'अच्चन' म्हणतात. पहिल्या बैठकीला जाण्याआधी एवढं ठाऊक असलं तरी समोरच्याचा चेहरा खुलतो. फिरगज म्हणजे एका इगर्जीच्या हद्दीतली सगळी कॅथलिक घरं. तिच्यात वाड्यावाड्यांवर छोटे ख्रिस्ती समूह असतात आणि खरी माहिती तिथेच मिळते, कारण कुणाच्या शेतात भराव पडला हे फादरच्या आधी तिथल्या बायकांना कळतं.

बाजू समसमान नाहीत, हे मनाशी पक्कं असू द्या. 2011च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर होती आणि त्यात ख्रिस्ती साधारण 25 टक्के. त्यांतले बहुसंख्य कॅथलिक, गोवा आणि दमण आर्चडायोसिसचे, म्हणजे आर्चबिशपांच्या धर्मप्रांताचे. तिचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव 2022 साली कार्डिनल झाले. आर्चडायोसिसची सामाजिक न्याय आणि शांती परिषद आहे, मदतकार्यासाठी कारितास आहे, जवळजवळ गावोगावी इगर्ज आणि हॉल आहे. बाकीचे आपण मोजके: 1970 साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे लोक, पेंटेकॉस्टल मंडळ्या, ऑर्थोडॉक्स. रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आल्वारिश मार जुलियस यांच्या अस्थी आहेत. हे गोव्याचेच कॅथलिक धर्मगुरू. पुढे ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले, पणजीत रोग्यांची आणि गरिबांची सेवा करत 1923 साली वारले. एकदा तिथे जाऊन या. गोव्यात चर्चमधली भिंत किती जुनी आहे आणि ती ओलांडणारेही किती जुने आहेत, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

ओळख करून घ्यायला 18 ते 25 जानेवारी हा काळ चांगला. ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा तो सप्ताह आहे, आणि कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ऐक्यावरचा आदेश काढल्यापासून कॅथलिकांनाही त्यात संकोच नाही. प्रभूभोजन एकत्र घेता येत नाही, तो वाद काढू नका. एक स्तोत्र वाचावं, दोन मिनिटं शांत बसावं आणि कामाला लागावं.

प्रश्न एकच घ्या, आणि तो जमिनीवर दाखवता येईल असा

नवे लोक 'पर्यावरण', 'भ्रष्टाचार', 'अल्पसंख्याकांवरचा अन्याय' असे विषय घेऊन येतात. त्यांवर भाषण होतं, हाती काही लागत नाही. मी म्हणते, सर्व्हे नंबर आणा. कुठली जमीन, कुठलं कलम, कुठली तारीख. जमिनीचा नसला तरी तो रेशनचा, शाळेचा, मजुरीचा नेमका प्रश्न असू द्या.

पवित्र शास्त्रात नाबोथाची गोष्ट आहे. अहाब राजाला वाड्याशेजारचा त्याचा द्राक्षमळा हवा होता, भाजीचा मळा करायला. नाबोथ म्हणाला, हे माझ्या वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. पुढे कागद राजाच्या शिक्क्यानिशी निघाले, खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथाला दगडमार झाला. हा भाग मी बैठकीत नेहमी वाचते, कारण त्यात सगळं नेमकं आहे: कुणाची जमीन, कुणाला हवी, कागदावर शिक्का कुणाचा. एलिया संदेष्टाही राजापुढे गेला तो त्या एका मळ्याचं नाव घेऊन.

गोव्यात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. प्रादेशिक आराखडा म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा सरकारी आराखडा. 2006-07 साली 'प्रादेशिक आराखडा 2011' विरुद्ध लोक उठले, गोवा बचाव अभियान उभं राहिलं, त्यात सगळ्या धर्मांचे लोक होते, आणि जानेवारी 2007मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रंही रद्द करण्याचा निर्णय झाला. त्यानंतर नगर नियोजन कायद्यात 2018 साली 16ब, 2023 साली 17(2), 2024 साली 39अ अशी कलमं एकामागून एक आली आणि एकेका भूखंडाचा झोन, म्हणजे आराखड्यात ठरलेला वापर, बदलण्याची वाट उघडली. 17(2)खालचे नियम 2025च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द ठरवले. हा इतिहास पाठ हवा असं नाही, पण कलमांचे आकडे कानावर असू द्या. बोलणारा नुसता चिडलेला आहे की वाचून आलाय, हे समोरचा अधिकारी त्यावरूनच ओळखतो.

कागद गोळा करा

झोन बदलाच्या आणि सुनावणीच्या जाहीर सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येतात. इथे आपण मराठी वाचणारे फार उपयोगी पडतो. फिरगजेतले कित्येक लोक इंग्रजी दैनिक आणि रोमी लिपीतली कोंकणी वाचतात. 1933 साली सुरू झालेलं, पिलारहून निघणारं 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक त्यांच्या घरात असतं. मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवरची बारीक टायपातली सूचना त्यांच्या नजरेखालून जातेच असं नाही. आमच्या गटात एका निवृत्त शिक्षिकेकडे एवढंच काम आहे: रोज सकाळी दोन मराठी पेपरांतल्या जाहीर सूचना वाचायच्या आणि आपल्या तालुक्यातली दिसली की फोटो पाठवायचा.

मग एक-चौदाचा उतारा काढा, म्हणजे जमिनीवर नाव कुणाचं आणि कुळ कोण ते दिसेल. प्रादेशिक आराखडा 2021च्या नकाशात ती जमीन कशात दाखवली आहे ते पाहा: शेती, फळबाग, खाडीकाठचं खाजन की वसाहत. उरलेलं माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात, 30 दिवसांत उत्तर यायला हवं, आलं नाही तर पहिलं अपील करता येतं. अर्ज संस्थेच्या नावाने करू नका, एखाद्या नागरिकाच्या नावाने करा.

मुदतीचं गणित

या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त कामं फसताना मी पाहिली आहेत. हरकतीसाठी बहुतेकदा 30 दिवस मिळतात. नेमकी तारीख सूचनेतच वाचा. त्यातला एक आठवडा सूचना नजरेस पडायलाच जातो. आपली पाळक समिती महिन्यातून एकदा बसते. फिरगजेची परिषदही रोज भरत नाही. अच्चनना वरून परवानगी घ्यावी लागते. सगळ्यांचा होकार गोळा होईपर्यंत एकतिसावा दिवस उजाडतो.

म्हणून प्रश्न उभा राहण्याआधीच प्रत्येक मंडळीकडून एक ठराव करून घ्या: जमीन, पाणी, मजुरी, शाळा, रेशन अशा विषयांवर निवेदनावर सही करायला आमच्या वतीने अमुक दोघांना अधिकार आहे, आणि सही केल्यावर पुढच्या बैठकीत ते माहिती देतील. ठराव लेखी हवा, समितीच्या वहीत हवा. पाळकसाहेबांनी चहा पिताना मान हलवली म्हणजे मंडळीचा होकार झाला, असं धरू नका. उद्या एखाद्या सभासदाने "आम्हाला कुणी विचारलं?" म्हटलं की पाळकच अडचणीत येतात.

निवेदन लिहिताना

आमचं पहिलं निवेदन मला अजून आठवतं. इगर्जीच्या मागच्या खोलीत लांब टेबल, त्यावर नकाशा पसरलेला, कोपरे उडू नयेत म्हणून प्रार्थनेची पुस्तकं ठेवलेली. प्रश्न खाजन जमिनीचा होता. गोव्याबाहेरून आलेल्यांसाठी सांगते: खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीखालची जमीन. बांध घालून ती राखतात आणि बांधात लाकडी दाराची मानस असते. ओहोटीला आतलं पाणी रेट्याने ते दार उघडून बाहेर जातं, भरती आली की बाहेरच्या पाण्याने ते आपोआप मिटतं. त्यावर कोरगुट भात होतं, मासळी मिळते. एका ठिकाणी बांध फुटला की खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं.

आम्हा शिकलेल्या मंडळींचं अर्धं पान लिहून झालं होतं. 'पर्यावरणीय ऱ्हास', 'शाश्वत विकास', 'सृष्टीचं संगोपन' असं सगळं त्यात होतं. दाराशी एक म्हातारी कूळकरीण बसली होती. तिला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मानशीचें दार मोडलां, तें पयलीं बरय गो." दार मोडलंय, ते आधी लिही. आमच्या अर्ध्या पानात मानशीचा उल्लेखच नव्हता. आम्ही कागद फाडला आणि तिला टेबलाशी बसवलं. दार कधी मोडलं, कुणाला सांगितलं, पाणी कुठवर आलं, किती जणांनी त्या वर्षी पेरलं नाही, हे तिने सांगितलं आणि आम्ही लिहिलं. तेव्हापासून नियम आहे: ज्याला झळ बसली त्याच्या तोंडून पहिला परिच्छेद, चर्चचं म्हणणं त्याखाली.

बाकीचं थोडक्यात. एक पान, फार तर दीड. सर्व्हे नंबर, सूचनेची तारीख आणि कलम पहिल्या चार ओळींत. मागण्या तीनच, आणि त्या त्या अधिकाऱ्याच्या हातातल्या. मुख्य नगर नियोजकाला मानशीची दुरुस्ती सांगून उपयोग नाही. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आमदारांना, पंचायतीला.

भाषेचं बघा. 1987च्या राजभाषा कायद्याप्रमाणे देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामासाठी वापरता येते. आम्ही इंग्रजीबरोबर कोंकणी आणि मराठी प्रत जोडतोच. मराठी प्रत मी करते, आणि ती निव्वळ सरकारसाठी नसते. फोंडा, डिचोली, पेडणे भागात देवस्थान समितीच्या लोकांना, शेजारच्या शेतकऱ्यांना ती वाचायला मिळते. खारं पाणी हिंदूचं शेत आणि ख्रिस्तीचं शेत वेगळं ओळखत नाही. निवेदनाच्या डोक्यावर 'समस्त ख्रिस्ती मंडळ्यांतर्फे' असं लिहिलं की निम्मा गाव बाजूला राहतो. आधी गावकऱ्यांच्या सह्या, मग मंडळ्यांच्या. यावरून आमच्यात कडाक्याचा वाद झाला होता, काही जण उठून गेले आणि दोन महिन्यांनी परत आले. मी आजही तेच म्हणेन.

आणखी एक शब्द सांभाळा: 'भायले'. जमिनीची चर्चा तापली की तो कागदावर उतरतोच. बाहेरचे आले, बाहेरच्यांनी घेतलं. आमच्या पेंटेकॉस्टल भावंडांच्या उपासनेला बसणारे कित्येक जण कर्नाटकातून, आंध्रातून आलेले गवंडी, मासळी उतरवणारे, घरकाम करणाऱ्या बाया. त्यांच्याकडे विकत घ्यायला एक वीतही जमीन नाही, पण 'भायले' ऐकलं की त्यांना वाटतं बोट आपल्याकडे आहे. मी लहानपणी ते ऐकलं आहे, म्हणून सांगते. झोन कोण बदलतं, भूखंड कोण घेतं, त्याचं नाव कागदात असेल तर ते लिहा. सगळ्या परप्रांतीयांना एका शब्दात गोवू नका. आणि एक वर्ष जमिनीचा प्रश्न घेतला तर पुढच्या वर्षी त्यांचा घ्या: भाड्याच्या खोल्या, मुलांचा शाळाप्रवेश, रेशन. लहान मंडळ्या मोठ्या इगर्जीमागे फक्त सह्यांपुरत्या उभ्या राहिल्या, तर फार काळ टिकत नाहीत.

ग्रामसभेत

गोव्यात 191 ग्रामपंचायती आहेत आणि ग्रामसभा बहुधा रविवारी भरते. म्हणजे आपल्या उपासनेच्या वेळेला. तारीख कळली की पाळकांना आणि फादरना आठवडाभर आधी सांगा. आमच्याकडे त्या रविवारी मीस आणि उपासना दोन्ही लवकर आटोपतात आणि शेवटी एकच घोषणा होते: आज ग्रामसभा आहे, मतदारांनी जावं. कुणाला काय बोलायचं ते सांगितलं जात नाही.

मतदार यादीत नाव आहे त्यानेच बोलावं. दुसऱ्या गावचे पाळक, फादर, आम्ही मदतनीस मागे बसतो. प्रश्न आधीच लेखी देऊन पोच घ्या. बोलायला उभं राहिलात की सर्व्हे नंबरापासून सुरू करा, दोन मिनिटांत संपवा आणि ठराव मांडा. अनुमोदन कोण देणार ते घरीच ठरवून या, आणि तो वेगळ्या समाजातला असला तर फार बरं. मग सचिवांनी ठराव लिहिला की नाही ते पाहा. लिहिलेला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आम्ही एकदा टाळ्यांच्या भरात घरी गेलो, आणि इतिवृत्ताची प्रत मिळाली तेव्हा 'चर्चा झाली' एवढे दोनच शब्द होते.

जनसुनावणीत

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते तेव्हा 2006च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. सूचना किमान 30 दिवस आधी, चित्रीकरण सक्तीचं, गणपूर्तीची अट नाही, हजर असलेला कुणीही प्रकल्पवाल्यांना प्रश्न विचारू शकतो. शेवटी कामकाजाचा सारांश लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो, म्हणून शेवटपर्यंत थांबा. 2017च्या एप्रिल-मेमध्ये वास्कोत बंदराच्या प्रकल्पांवरच्या सुनावण्या अनेक दिवस, रात्री उशिरापर्यंत चालल्या. अशा वेळी पाळ्या लावाव्या लागतात. लहान मंडळ्या इथे खूप करू शकतात: जेवण, पाणी, म्हाताऱ्यांना घरी सोडणं, आणि दर तासाला आपला एक माणूस वही घेऊन बसलेला.

कुठे थांबायचं

प्रश्न मांडा, पक्ष नको. धर्माच्या नावावर मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार ठरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 2017 साली त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. 1988च्या कायद्याने धर्मस्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरायला मनाई आहे. त्यामुळे निवडणुकीच्या दिवसांत बैठका समाजगृहात किंवा कुणाच्या अंगणात घ्या, आणि उमेदवार आला तर माईक देऊ नका, मग तो आपल्या मंडळीतला का असेना. ज्या संस्थेला परदेशातून पैसा येतो तिला एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्यामुळे राजकीय स्वरूपाच्या कामापासून लांब राहावं लागतं. तिच्या खात्यातून झेरॉक्सचे पैसेसुद्धा देऊ नका. आम्ही डबा फिरवतो. पन्नास, शंभर रुपये, त्यात होतं.

आमदारांकडे जाताना तिघं-चौघं जा, त्यांत एक तरी झळ बसलेला माणूस. अधिवेशनाच्या आधी गेलात तर त्यांच्या हातात विधानसभेत विचारता येईल असा तयार प्रश्न द्या. भेटीचा फोटो काढायची घाई नको.

आपला स्वतःचा प्रश्न

माझ्या घरच्यांसारख्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा एक जुना प्रश्न आहे. 10 ऑगस्ट 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना होता, 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना मिळाला, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. कॅथलिक बिशपांची परिषद आणि नागपूरची नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस वर्षानुवर्षं 10 ऑगस्टला एकत्र निषेध नोंदवतात. 2022 साली न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. गोव्याच्या बैठकीत हा विषय मी आणला तेव्हा पहिल्यांदा शांतता पसरली. चर्चमध्ये जात असते हे उघड बोलायची सवय तिथे कुणालाच नव्हती. मग एका कॅथलिक गावडा तरुणाने आपल्या समाजाला 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळेपर्यंतची हकिगत सांगितली. त्यात धर्म आड आला नव्हता, कारण जमातीसाठी ती अटच नाही. तो फरक त्या खोलीतल्या बहुतेकांना त्या दिवशी प्रथम कळला. खाजनासाठी तीन वर्षं एकत्र चिखल तुडवला होता, म्हणून ते बोलणं होऊ शकलं. पहिल्याच बैठकीत हा विषय काढला असता तर झालं नसतं.

फाइल कुठे ठेवायची

एकदा एका कार्यालयात आम्ही निवेदन हातात देऊन आलो. साहेबांनी चहा पाजला, म्हणून शिक्का मागायचा संकोच वाटला. चार महिन्यांनी तिथे असं काही आलंच नाही असं उत्तर मिळालं. आता आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख असलेली प्रत हातात पडल्याशिवाय आम्ही जिना उतरत नाही.

त्या प्रतीच्या दोन झेरॉक्स काढा. फादरची बदली काही वर्षांनी होते, पाळकांचीही होते, आणि नव्याने आलेल्याला कपाटातली फाइल कसली ते ठाऊक नसतं. एक संच इगर्जीच्या कचेरीत आणि एक आपल्या देवळाच्या कपाटात ठेवा. मूळ प्रत मात्र गावातच राहणाऱ्या, बदली न होणाऱ्या माणसाच्या घरी असू द्या. आमची त्या कूळकरणीच्या सुनेकडे आहे, भाताच्या कोठीवरच्या पत्र्याच्या पेटीत.